दार लागेना

दसऱ्याच्या सकाळी बाबांच्या जुन्या मोटारीला हार घालायला मी त्यांना घेऊन गॅरेजमध्ये गेलो; ती तिथं दुरुस्तीला होती. गाडीचं दार लागेना. वर नीट बसायचं, खाली बोटभर बाहेर राहायचं.

"कुणी ठोकली ही?" मी ओरडलोच.

"कुणी नाही, साहेब," वेल्डर बापू ओशाळून म्हणाला. गंजलेला तळ कापण्याआधी, सांगाडा वाकू नये म्हणून त्यानं दारांच्या चौकटींत आडवे पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवले होते. पूजेला वेडंविद्रं दिसेल म्हणून काल त्यानंच ते काढले. "खाली तळ नाही, मध्ये पाइप नाही. आपल्याच वजनानं बसली."

आपल्याच वजनानं! वाकायला धक्का लागतो, अशीच माझी समजूत होती. नुसतं उभं राहून एवढं लोखंड वाकतं?

माझी नजर बाबांकडे गेली. आई गेल्यावर आम्ही त्यांना म्हटलं होतं, आता तुम्ही काही करायचं नाही, आराम करायचा. भाजी, गिरणी, बागेला पाणी, सगळं त्यांच्या हातून काढून घेतलं. अरे बापरे, केवढे वाकलेत हे! कधी वाकले?

बापूनं खालून जॅक लावून गाडी सावकाश उचलली. बाबांनी दार ढकललं. खट्! तोच जुना आवाज.

"पाइप लाव परत," ते म्हणाले. "हार त्याच्यावरूनच घालू."

घरी येताना मी चाचरत विचारलं, "बाबा, उद्यापासून भाजी तुम्ही आणाल?"

ते ताडकन म्हणाले, "माझी पिशवी कुठं ठेवलीत?"