भुईआवळ्याचा पेला

कुंडीतला भुईआवळा उपटला, की बोटांना लागणारा हिरवा वास मला सोलापुरातल्या त्या पत्र्याच्या खोलीत नेतो. टीबीच्या गोळ्यांनी माझं लिव्हर सुजलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या होत्या. टीबी म्हटल्यावर खोलीकडे कुणी फिरकत नव्हतं. अशात एका सकाळी मंद्रूपहून वडील आले. बांधावरचा भुईआवळा वाटून, शेळीच्या दुधात कालवून त्यांनी आणला होता. आमच्याकडे काविळीचं औषध उपटल्यापासून आजारी माणूस ते पिऊन संपवेपर्यंत आणणाऱ्यानं बोलायचं नसतं. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि मुकाट उंबऱ्यावर टेकले. पेला संपला की ते परतीची एसटी धरणार, म्हणून मी घोट घोट करत बसलो. ते नुसते माझ्याकडे बघत होते. उन्हानं पत्रा कडकड वाजायला लागला. शेवटी पेला रिकामा झाला, तेव्हा कुठे म्हणाले, "लई कडू हाय व्हय रं?" मी "व्हय" म्हणालो. "येतो मग," म्हणत ते उठले. आता वडील नाहीत. मघाशी मी एक पान चावून बघितलं. तितकं काही कडू नाही ते.