पाळकसाहेब जेवायला आले

मुलीचं लग्न धुळ्याच्या एका ख्रिस्ती घरात ठरलं, तेव्हा मी जावयाची कमी आणि शब्दांचीच जास्त चौकशी केली. माझी खोडच ती. लग्न लावणारे पाळकसाहेब आमच्याकडे जळगावला भेटायला येणार होते आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सकाळीच सांगून टाकलं, "मी त्या पाद्रीसंगे बसाव नही. चर्चमाबी येवाव नही."

नात आबांच्या मांडीवर वाढलेली. आबा नसतील तर लग्नच नको, म्हणून ती आत रडत बसलेली. मग मी माझं एकमेव हत्यार काढलं : व्याख्यान.

"आबा, पाद्री म्हणजे पोर्तुगीजांचा बाप. गलबतातून आपल्या किनाऱ्यावर उतरलेला शब्द. फादर म्हणजे पुन्हा बापच. प्रीस्ट म्हणजे मुळात ग्रीकांचा वडीलधारा, आणि बिशप म्हणजे देखरेख करणारा..."

"अहो, ग्रीसहून येताना कोथिंबीर आणा," स्वयंपाकघरातून बायको.

आबा ढिम्म. पण बोलता बोलता माझ्याच अंगावर काटा आला. एवढे समुद्र, एवढी राज्यं ओलांडून आलेले भारदस्त शब्द, आणि जरा खरवडले की आत कोण? बाप, म्हातारा, राखणदार. सगळी आपल्या ओट्यावर बसणारी माणसं! आयुष्यभर हे शब्द मी वापरले होते, आत कधी डोकावलो नव्हतो.

"अन पाळक?" आबांनी विचारलं.

"तोच पास्टर. लॅटिनमध्ये मेंढ्या चारणारा."

आबा ताठ बसले. पाचोऱ्याकडच्या आमच्या वावरात पीक निघालं की खतासाठी ठेलारी मेंढपाळ मेंढ्या बसवतात. कळप वावरात असेपर्यंत मेंढपाळाची भाकर आमच्या घरची, आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय आबा जेवत नाहीत.

"मंग त्याले भाकर आपला घरनी," आबा म्हणाले. "पह्यले सांगता येत नही? नुसतं बाप, म्हातारा चालनं तुनं!"

चहाबिस्किटांचा बेत तिथेच मोडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा. पाळकसाहेब आले ते जेमतेम पस्तिशीचे, साक्रीकडचे. आबांनी त्यांना शेजारी बसवलं. पाहुण्याने डोळे मिटून प्रार्थना केली, तेवढा वेळ आबा हातातली भाकर तशीच धरून थांबले.

पहिला घास झाल्यावर आबांनी परीक्षा घेतली. "भाऊ, एक मेंढी हरपनी ते काय करतस?"

"बाकीच्या बठ्ठ्या सोडीसन तिले शोधाले जातस, आबा. आमच्या पुस्तकात तसंच आहे."

"अन बाकीसले कोन देखस?"

पाळकसाहेब इतके खळखळून हसले की ठसका लागला. आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"एवढी वर्षं उपदेश करतोय," ते म्हणाले, "पण हे मला कुणी विचारलं नव्हतं, आबा."

आबांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. दाराशी डोळे पुसत उभ्या असलेल्या नातीकडे न बघताच म्हणाले,

"लगीनले येसू मी. बाकीसले देखाले कोनी तरी पाहिजे."