न कापलेली कड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? — तेही नीट माहीत नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका प्रयोगशाळेत होते. धंतोलीतले एक सर्जन मेंदूतली गाठ काढली की तिचा तुकडा बर्फात ठेवून आमच्याकडे पाठवायचे. तो बाटलीत जगवायचा, वाढवायचा, हे माझं काम. मग आमचे प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, त्या पेशींवर औषध घालून बघत. पेशी मेल्या, तर तेच औषध रोग्याला. फक्त — बाटल्या जगत नव्हत्या. ओळीने अकरा गेल्या, आणि सर माझ्याशी धड बोलेनासे झाले होते.

बारावा तुकडा काटोलकडच्या एका संत्राबागवाल्याचा. गाठीच्या कडेला थोडा निरोगी भाग चिकटून येतो, तो आधी कापून टाकायचा, हा आमचा पहिला धडा. पण तुकडा जेमतेम तुरीच्या डाळीएवढा. कड कापली तर उरणार काय? मी ठेवली.

आणि बाटली जगली. काय वाढली म्हणता! सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मी मात्र रोज सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. गाठीच्या पेशी एकमेकींच्या अंगावर चढतात, दांडगाई करतात. या शहाण्यासारख्या ओळीत होत्या, शेजारणीचा धक्का लागला की थांबत होत्या. निरोगी होत्या त्या. गाठीच्या पेशी केव्हाच मरून गेल्या होत्या. हे मला आठवडाभरात कळलं होतं — मग बोलले का नाही? तो चहा गोड लागला होता, दुसरं काय.

औषधाने त्या पेशींना काहीच झालं नाही. सर म्हणाले, उगाच उलट्या होतील, केस जातील, या रोग्याला हे द्यायचं नाही. त्याची बायको माझ्यापाशी आली. बाटली उजेडात धरून तिने पाहिली — पेशींच्या खुराकाचं नुसतं गुलाबी पाणी दिसलं असणार.

"बाई, हे त्याईच्या गाठीचंच व्हय ना? औषध लागू पडतच नसन, तं घरी नेऊ का त्याईले?"

"हो," मी म्हणाले. "गाठीचंच आहे."

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, टोपलीभर संत्री घेऊन. कपाळ मोकळं होतं.

"तुमी खरं सांगतलं बाई, म्हून मानूस आपल्या घरी गेला. नाई तं दवाखान्यातच गेला असता."

औषधाने तो आणखी जगला असता का? ठाऊक नाही. ते कळायची वाट मीच बुजवली होती.

खाऊन पाहा, असं ती म्हणाली. मी तिच्यासमोरच एक संत्रं सोललं, पूर्ण खाल्लं, आणि गोड आहे म्हणाले.