रस्त्यापलीकडून "हजर"

गडचिरोलीकडे जाते म्हटलं की लोक एकच विचारतात, "वाटेत ताडोबा करणार ना? वाघ दिसला तर फोटो टाका." मी वाघ बघायला गेले नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे फोटो शोधणाऱ्यांचा वेळ वाचेल. मी नागपुरात वकिली करते. दिव्यांग मुलांना शाळा दारातून परत पाठवते, तेव्हा त्यांच्या बाजूनं फी न घेता भांडते. बरीचशी भांडणं फोनवर मिटतात. कुरखेड्याजवळच्या एका खेड्यातून शीलाबाईंचा फोन आला, ते मात्र मिटेना.

"पोरीले शाळेत बसू देत नाई मॅडम," त्या म्हणाल्या, "अन् सर म्हन्ते, ते त रोजच हजर असते."

मला काही कळेना. तिथले शिक्षणाधिकारी स्वतः शाळेची पाहणी करायला येणार असं ठरलं, तेव्हा मी बॅग भरली. नवरा होता तेव्हा त्याच्या सूचनांतच अर्धा तास जायचा, टॉर्च घे, औषधं घे, आणि शेवटी ठरलेलं, "पोचलीस की फोन कर." तो गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून बॅग लवकर भरते.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटी वडशाला पोचते. सकाळची गाडी धरा. उमरेडला तर्री-पोहे खा, पण तर्री जपून मागा, तिखट घालताना तिथल्या माणसांना आपली कीव येत नाही. नागभीडच्या पुढं दोन्ही बाजूंना जंगल आणि मध्येमध्ये पिवळी पडलेली धानाची शेतं. कापणी सुरू होती. शेजारी बसलेल्या बाई प्रत्येक गावाला फोन करून घरी खबर देत होत्या. "ब्रह्मपुरी आली. हो, खाल्लं ना. येतो ना बाप्पा." फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुमाले घ्यायले कोन येईन?"

"कोणी नाही."

"मंग?" त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.

दिवाळीनंतर वडशाला जाणार असाल तर खोली आधी सांगून ठेवा. झाडीपट्टीच्या, म्हणजे या भागातल्या नाटकांचा हंगाम असतो, सगळे लॉज कलाकारांनी भरलेले. मला कोपऱ्यातली खोली देताना मॅनेजरनं विचारलं, "कोन्त्या कंपनीत हाव मॅडम? आईचा रोल काय?"

"वकिलाचा," मी म्हटलं.

"वकीलबाईचा रोल कोनच्या नाटकात हाय बा?" तो खरंच विचारात पडला.

मला हसू आलं आणि ते सांगायला कोणी नाही हेही लक्षात आलं. खानावळीत पुढच्या टेबलावर नटमंडळी एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होती. मी वरण-भात मोबाइलकडे बघत संपवला. एकटं फिरण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा असं जेवून बघावं.

दुसऱ्या दिवशी कुरखेड्यापर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. सुट्टे पैसे जवळ असू द्या.

शीलाबाईंच्या दारावर निळा झेंडा होता. "जय भीम मॅडम, या," म्हणत त्यांनी खाट पुढं केली. दारापुढच्या छपरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रणाली बसली होती. नऊ-दहा वर्षांची. तिचे पाय जन्मापासून आखडलेले आहेत, हातही जरा वाकडे चालतात. तोंड मात्र सगळ्यांना पुरून उरेल असं. समोर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे शाळा, पाच उंच पायऱ्यांवर. "तुमी कोर्टातल्या काय? मंग काळा कोट कुठी हाय?" असं ती मला विचारत होती, तेवढ्यात शाळेत हजेरी सुरू झाली. प्रणालीनं मला हातानं थांबवलं. मान ताठ केली. पलीकडून वर्गाच्या बाईंनी तिचं नाव घेतलं.

"हजर मॅडम!" ती ओरडली. सगळी ताकद लावून, डोळे मिटून.

पलीकडे पुढचं नाव घेतलं गेलं. वर्गातलं एकही तोंड इकडे वळलं नाही.

म्हणजे हे असं होतं. दोन वर्षांपूर्वी ती पायऱ्यांवरून पडली होती. मुख्याध्यापक म्हणाले, घर समोरच आहे, तिनं घरीच बसावं. वर्गाच्या बाई हळव्या. नाव वगळलं की पोर रडते, म्हणून त्यांनी हाक मारणं चालू ठेवलं, आणि आवाज आला की हजेरी लागली. त्या एका शब्दापुरती प्रणाली शाळेत असायची. उरलेला दिवस छपरीत.

मुख्याध्यापक दुष्ट नव्हते, दमलेले होते. "आम्ही दोघं आणि वर्ग चार. तिला बाथरूमला कोण नेणार? पुन्हा पडली तर? आणि प्रवेश नाकारला म्हणता, मॅडम, ती हजर असते ना रोज!" कायदा माझ्या बाजूनं आहे. घरी शिकायचं की शाळेत, हे मुलीनं आणि आईबापानं ठरवायचं, शाळेनं नाही. रॅम्प, मदतनीस हा तिचा हक्क आहे. पण शिक्षणाधिकारी साहेब उद्या हजेरीच्या वेळी येणार होते आणि ती रस्त्यापलीकडून ठणकावून सांगणार होती की मी आहे.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं, "प्रणाली, उद्या नाव घेतलं तर बोलायचं नाही."

"काऊन?"

"कारण तू तिथं नसतेस. साहेबांना ते कळायला हवं."

तिनं शाळेकडे बघितलं. मग म्हणाली, "मी नाई बोललो त पोट्टे समजतीन का मी नाईच हाव."

माझ्याकडे सगळी कलमं होती. पोरीकडे एकच शब्द होता आणि मी तोच मागत होते. शीलाबाई म्हणाल्या, "एक दिवस त हाय बेटा." ती मान हलवेना, नाहीही म्हणेना. त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. मला नीट झोप लागली नाही.

सकाळी साहेब आले. मी त्यांच्यासोबत वर्गात मागं उभी राहिले. हजेरी सुरू झाली. प्रणालीचं नाव आलं.

काही नाही.

बाईंनी पुन्हा नाव घेतलं. रस्त्यापलीकडे तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आधी एक मुलगी खिडकीशी गेली, मग सगळा वर्ग. "मॅडम, प्रणाली नाई बोलली! काय झालं तिले?"

"कोण प्रणाली? कुठं आहे ती?" साहेबांनी विचारलं.

पोरं बाईंकडे बघायला लागली. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. शेवटी बाईंनीच खिडकीबाहेर बोट दाखवलं, आणि त्या रडायला लागल्या.

साहेब पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून गेले. ते तिच्याशी काय बोलले ते मी ऐकलं नाही. परत आले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "रॅम्प होईपर्यंत हा वर्ग खाली, स्वयंपाकाच्या शेडमध्ये भरेल. आजपासून." मदतनीसाचंही ठरलं. मी ते लिहून घेतल्याशिवाय हलले नाही, तेवढा माझा स्वभाव आहे.

शेडमध्ये सतरंज्या पडल्या. शीलाबाईंनी लेकीला उचलून आणलं, खुर्ची पोरांनी आणली. बाई म्हणाल्या, हजेरी पुन्हा घेऊ. नाव आलं आणि प्रणाली सवयीनं डोळे मिटून, आवाज रस्ता ओलांडेल अशी ओरडली, "हजर मॅडम!" शेजारच्या मुलीनं कान झाकले. "इथीच त हायेस, हळू बोल ना!" सगळे हसले. तीही हसली.

मी निघाले तेव्हा ती वळून बघायलाही मोकळी नव्हती. हेच हवं होतं मला, तरी जरा लागलंच.

परतीचा रस्ता तोच, गाड्या त्याच. नागपूरला पोचेपर्यंत अंधार झाला होता. जिना चढून दाराशी आले, कुलपात किल्ली घातली आणि फोन वाजला. शीलाबाई.

"पोचल्या का मॅडम? पोरगी कवाची इचारून राह्यली."

दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मागून प्रणालीचा आवाज येत होता, "पोचल्या का? सांग ना वो आई!"

मी म्हणाले, "तिला सांगा, हजर."

फोन बंद झाला. मी किल्ली फिरवली आणि आतला दिवा लावला.