वाघोबाचा प्रसाद

सविताबाई लोहगडाच्या पायथ्याच्या शाळेत दुसरीला शिकवतात. वेगवेगळे धर्म शिकवायचे तर नुसती चित्रं दाखवून मुलांना काय कळणार, म्हणून त्यांनी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "ज्याच्या घरी देवाचं काही होईल, त्यानं प्रसाद आणायचा. आणि प्रसादाला कुणी नाही म्हणायचं नाही. मीसुद्धा नाही!"

बाई माळकरी. प्रसाद म्हणजे पेढा, नाहीतर शिरा. ह्यापलीकडे त्यांची कल्पना कधी गेलीच नव्हती.

सुरुवात झकास झाली. अमृतनं सत्यनारायणाचा शिरा आणला. रुबिनाच्या वडिलांची गडाच्या वाटेवर सरबताची टपरी. तिनं ईदचा शिरखुर्मा आणला. बाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि ते घरी नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

मग एक दिवस वरच्या ठाकरवाडीची चिंगी डबा घेऊन आली. झाकण उघडलं तसा वर्गभर मसाल्याचा वास सुटला.

"काय गं हे?"

"वाघोबाचं कोंबडं, बाई. काल दिलं त्याला. आज्जीनं तुमच्यासाठी तंगडी ठेवलीया."

बाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"तुमीच म्हनला व्हता, न्हाई म्हनायचं न्हाई," अमृत म्हणाला. ह्याला दोनचा पाढा आठवत नाही, पण हे बरोबर आठवतं!

चिंगी डबा पुढे धरून उभीच. डोंगर उतरून आणलेला डबा. आता घेतात की नाही, म्हणून ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात मागून मुसमुसणं ऐकू आलं. रुबिना!

"तुला काय झालं गं?"

"बाई, आमच्यात आमच्या पद्धतीनं कापलेलंच खातात. पण तुमी म्हनला व्हता..."

बाईंना हायसं वाटलं. लेकरू रडत असताना इतकं हायसं वाटणं बरं नव्हे, हेही वाटलं.

"चिंगे, मलाही नाही गं चालत. मी माळ घातलीय. नियम माझाच चुकला." त्यांनी डबा घेऊन कपाळाला लावला. "वाघोबाला माझा नमस्कार. आता ज्यांना चालतं त्यांना तू वाढ."

"आन् आज्जीला काय सांगू? भाकर तरी खावा. नाचनीची हाय."

भाकरी वेगळ्या फडक्यात होती. बाईंनी अर्धी मोडून रुबिनाला दिली. बाकीचा वर्ग बोटं चाटत होता, तंगडी अमृतनं पटकावली होती, आणि ह्या दोघी एका बस्करावर कोरडी भाकरी चावत होत्या.

चिंगीला ते बघवेना. ती उठली, खिचडी शिजवणाऱ्या लीलाबाईंकडून चिमूटभर मीठ घेऊन आली.

"मीठ तरी चालतं ना तुमा दोगींच्या देवाला?"

"चालतं," दोघी एकदम म्हणाल्या.