जिन्यावरून गेलेली रेघ

मला स्वस्थ बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नोकरी संपल्यावर माझ्या मैत्रिणी सहलींना जायला लागल्या. मी मागची गॅलरी बंद करून घेतली आणि जुनी बाहुलीघरं दुरुस्त करायला लागले. "या वयात भातुकली!" म्हणून नवरा चिडवायचा. चिडवू दे. देवळालीकडच्या जुन्या बंगल्यांत, माळ्यावर नाहीतर गॅरेजात, अशी लाकडी घरं धूळ खात पडलेली असतात. वाळवी लागलेली, दारं निखळलेली, आत उंदरांनी संसार थाटलेला. मी ती उघडते, पुसते, सांधते.

गेल्या थंडीत नाशिकरोडहून एक बाई रिक्षातून असंच एक घर घेऊन आल्या, चादरीत गुंडाळून. साठीच्या असतील. घर पाहून माझे हातच शिवशिवायला लागले. दुमजली, खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधोमध नाजूक कठड्याचा जिना. देश सोडून जाणाऱ्या कुणा साहेबाकडून त्यांच्या आजोबांनी लेकीसाठी घेतलेलं. ती लेक म्हणजे या बाईंची आई. आई वर्षापूर्वी गेली, आणि आता या थोरलीला आणि दिंडोरीला दिलेल्या धाकट्या बहिणीला, दोघींनाही ते हवं होतं.

"नीट दुरुस्त करा," त्या म्हणाल्या, "आणि मग मधून कापून द्या."

मला वाटलं, मीच काहीतरी भलतं ऐकलं. "कापून?"

"वाटण्या झाल्यात आमच्या. फ्लॅट झाला, दागिने झाले. एवढंच राहिलंय."

त्यांनी माझीच पट्टी घेतली आणि छपरापासून तळापर्यंत पेन्सिलीने रेघ मारली. शेताच्या वाटणीत भाऊभाऊ करतात तोच नियम त्यांनी इथे लावला होता: थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे वाटे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. बाईंनी तर इतकं काटेकोर माप घेतलं की रेघ बरोब्बर जिन्यावरून गेली.

"अहो ताई, जिनाच उभा चिरला तर वर जायचं कुणी?"

"बाहुल्याच आहेत त्या. हाताने उचलून ठेवायच्या."

कपाळ!

त्या गेल्या आणि माझं डोकं फिरलं. माझ्याकडे लोक घरं सांधायला आणतात. ही बाई चिरायला घेऊन आली! कुठली बाजू हवी ते विचारायला थोरलीनेच बहिणीचा नंबर देऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी धाकटीला फोन लावला. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, आईचं सगळं आजारपण ताईने एकटीने काढलं. मी सणावारी जायचे. तेराव्याला ताई सगळ्यांसमोर म्हणाली, तू पाहुणी होतीस, पाहुणीसारखी जा. तेव्हापासून बोलणं बंद.

"आणि हे घर कापायचं, ते चालतंय तुम्हाला?"

"रेघ ताईने मारलीय ना? मग माप बरोबरच असणार. मला स्वयंपाकघराची बाजू द्या."

घ्या! तोंड बघायचं नाही, पण मापावर एवढा विश्वास. मला हसावं की रडावं कळेना.

मग मी चालढकल सुरू केली. वाळवीचं औषध मारलं, पुन्हा मारलं. निघालेला कठडा बारीक काड्यांनी जोडला. भिंतींचा कागद वाफेवर सोडवून, धुऊन परत लावला. थोरलीचा फोन आला की सांगायचे, थंडी आहे, सरस सुकत नाही. एकीकडे रेघ डोळ्यांसमोरून हलेना. चहा गाळता गाळता गॅलरीत जायचे, कापड उचलून बघायचे, परत यायचे. आशा होती की घर इतकं देखणं झालेलं पाहून दोघींचा हात धजणार नाही. "आता त्याची वास्तुशांत घालणार आहेस का?" नवरा म्हणाला. शेवटी थोरलीने सुनावलं, "जमत नसेल तर सांगा, सुताराकडे नेते." सुतार मशीनवर कापेल आणि कठड्याचा भुगा करेल, या भीतीने मी करवत हातात घेतली. बारीक दात्याची, हळूहळू. जिन्यापाशी आले तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, दोघींचा.

न्यायला मी दोघींना मुद्दामच एका वेळी बोलावलं. खोटं कशाला बोलू? थोरली खिडकीपाशी उभी राहिली, धाकटी दारापाशी. मध्ये टेबलावर दोन अर्धी घरं, कापलेल्या बाजू उघड्या. दोन्ही बाजू बंद करायला मी प्लायच्या दोन भिंती कापून ठेवल्या होत्या.

"या चिकटवल्या की झालं," मी म्हटलं.

धाकटीने अर्ध्या जिन्यावरून बोट फिरवलं. "माझ्याला भिंत नको."

"अहो, धूळ जाईल. घर उघडं पडेल."

"पडू दे. भिंत घातली की परत जोडता येणार नाही."

मी थोरलीकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, बहिणीकडे नाही.

"माझ्याला घाला," त्या म्हणाल्या.

धाकटीने मान खाली घातली. मला तर थोरलीला गदागदा हलवावंसं वाटलं. मी भिंत उचलली आणि सरसाचा डबा उघडला.

"चिकटवू नका," थोरली म्हणाल्या. "स्क्रू मारा."

"चार मारू?"

"दोन पुरेत. काढायला बरे."