तलफ नेमकी कुठे येते

बँकेच्या बॅक ऑफिसमधली नोकरी मी सोडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही पुण्याला परत जाणार. मी गेले नाही. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कला रोजचं जाणं थांबलं, एवढंच. नोकरीत असतानाच मी एका लहानशा गटात ध्यानाला बसायला लागले होते. तिथे यिशुनला राहणारी एक चिनी बाई यायची. एके काळी ती भरपूर प्यायची, आणि आता दारू सोडू पाहणाऱ्यांबरोबर काम करायची. तिच्या नादाने मीही रिकव्हरी कोचचा कोर्स केला. डॉक्टर औषध देतो. कोच काही देत नाही. तो माणसाला अधूनमधून भेटतो, त्याचा दिवस कसा जातो ते त्याच्यासोबत बघतो, आणि कुठे पाय घसरतो ते त्याचं त्याला दिसेपर्यंत थांबतो.

कोर्सला आलेले बहुतेक जण स्वतः व्यसनातून गेलेले होते. मी मात्र चहासुद्धा एखाद्या दिवशी विसरणारी. मला नुसतं कुतूहल होतं. शहाणासुरता माणूस, नको म्हणत असताना त्याचा हात पुढे जातो, त्या वेळी त्याच्या आत काय चालतं?

माझी एक जुनी सहकारी चोआ चू कांगला राहते. एक दिवस तिचा फोन आला. "अप्पा आलेत माझ्याकडे. तू ते सवयींचं काहीतरी शिकलीस ना? जरा येशील का?"

तिचे वडील कोल्हापूरकडच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी त्यांना काही महिन्यांसाठी सिंगापूरला घेऊन आली होती. इथे खायची तंबाखू आणायला आणि विकायला बंदी आहे, हे तिने बजावून सांगितल्यामुळे त्यांनी निघतानाच डबी घरी ठेवली. कॉलेजात असल्यापासून खात होते, ती एका विमानप्रवासात बंद झाली. आल्यावर डोकं दुखायला लागलं, झोप उडाली, जावयाशी दोनदा खटके उडाले. त्यातच दाताच्या डॉक्टरांना खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. त्यांनी सांगितलं, तंबाखू कायमची बंद करा, चट्ट्यावर लक्ष ठेवावं लागेल.

मी गेले तेव्हा ते सोफ्याच्या कडेला बसले होते, एसटीची वाट बघत बसावं तसे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही सर. कोच."

"म्हणजे शिट्टी घेऊन पळायला लावणार?"

मुलगी आतून म्हणाली, "अप्पा!"

"बरं, तुम्ही तंबाखू खाल्लीय कधी?"

"नाही."

"मग मला काय शिकवणार?"

"शिकवायला आलेच नाही. मला माहीत नाही म्हणून विचारायला आले. तलफ येते तेव्हा ती नेमकी कुठे येते?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठे म्हणजे?"

"अंगात कुठे? जिभेवर, डोक्यात, पोटात?"

"नववीच्या पोरांना मी तंबाखूचे दुष्परिणाम शिकवले," ते म्हणाले, "ओठात बार धरून शिकवले. निकोटीन कुठं जातं ते फळ्यावर काढून दाखवलंय. पण हे कुणी विचारलं नव्हतं." आणि मग, "बघून सांगतो."

मला वाटलं, ही मला वाटेला लावायची रीत असावी. पण पुढच्या भेटीत मी चपला काढते न काढते तोच ते म्हणाले, "जिभेवर नाही. मला तसंच वाटत होतं, पण नाही. अंगठ्यात येते."

उजवा अंगठा त्यांनी पुढे केला. आधी अंगठ्याचं पेर हुळहुळतं, मग डावा तळहात आपोआप उघडतो, आणि तोंडाला पाणी सुटतं ते सगळ्यात शेवटी. हे त्यांनी जेवणानंतर गॅलरीत उभं राहून पाहिलं होतं. मी थक्क झाले. कोर्समध्ये तलफेबद्दल खूप काही सांगितलं होतं, पण अंगठ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

मग मी त्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायला गेले आणि तिथे आमचं गाडं अडलं. डोळे मिटले की त्यांना एकतर झोप लागायची, नाहीतर राग यायचा. "नाकाकडं लक्ष देऊन काय मिळणार? नाक आहे तिथंच आहे." मला सुचलं, यांचं लक्ष हाताकडे आपोआप जातं तर हातच धरावा. मी म्हटलं, "सर, रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवा. अगदी हळू. मळताना फिरवता तसा."

त्यांनी फिरवला. काही क्षणांत चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. ते उठून उभे राहिले. "मॅडम, उपाशी माणसासमोर रिकामं ताट ठेवताय तुम्ही. जा तुम्ही आता."

मी घरी आले आणि यिशुनच्या बाईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग वाक्याला 'लाह' जोडायच्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "हातापासून सुरुवात करणं घाईचं झालं, लाह. पण मला एक सांग, तू तिथे त्यांना सुधारायला जातेस की बघायला?" मी म्हटलं, बघायला. "मग तलफ चढली तेव्हा तू घाबरलीस का? चढू दे. पुढे ती काय करते, ते तुम्ही दोघांनीही पाहिलंच नाही."

ते मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना पटलं. प्रयोग अर्धवट सोडला की निष्कर्ष कसा निघणार, असं म्हणाले. त्यानंतर आम्ही खाली व्हॉइड डेकमध्ये बसायला लागलो. इमारतीखालची ती मोकळी जागा. वारा येतो, लोक येतात-जातात, कुणी कुणाकडे बघत नाही. डोळे उघडेच. तलफ आली की ते हाताने खूण करायचे आणि आम्ही दोघंही गप्प. "चढतेय." मग बराच वेळ काही नाही. "आता छातीत आहे." मग, "उतरली की. मी काही केलंच नाही, आणि उतरली." त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं. इतकी वर्षं ती उतरेपर्यंत थांबायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती; डबी खिशातच असायची.

मला वाटायला लागलं होतं की हे आता मार्गाला लागले. तेवढ्यात एका रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. अप्पा घरात नाहीत. फोन घरीच ठेवलाय.

कुठे गेले असतील ते आम्हा दोघींनाही एकदमच सुचलं. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, लिटल इंडियाला, भारतीय दुकानांच्या वस्तीत पोचलो. रविवारी तिथे सुट्टीवरच्या कामगारांची एवढी दाटी असते की रस्ता ओलांडणंही अवघड. मुलगी पानाच्या प्रत्येक दुकानात डोकावत होती. मी तिच्यामागून चालत होते आणि घाबरले असूनही मनात एकच विचार होता: या वेळी अंगठ्याने काय केलं असेल?

एका मोकळ्या मैदानाच्या कडेला, दिव्याच्या खांबाशी, ते गवतावर बसलेले दिसले. शेजारी कुणी नव्हतं. मुलगी धावली.

"अप्पा! खाल्लीत का?"

"खाल्ली," ते म्हणाले.

ती मटकन खाली बसली. "तोंडात डॉक्टरांनी काय पाहिलंय ते माहितीये ना तुम्हाला? आणि इथे पकडलं असतं तर?" ती रडत होती आणि रागाने गवत उपटत होती. ते तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तिने झटकला.

बऱ्याच वेळाने ती पाणी आणायला गेली, तेव्हा मी विचारलं, "काय झालं सर?"

"इथं एक बिहारचा माणूस बसला होता. मळत होता. मी शेजारी बसलो. त्यानं विचारलंही नाही, हातावरची अर्धी माझ्या हातावर ठेवली. आमच्या स्टाफरूममध्ये ठेवायचे तशी. मी तोंडात टाकली आणि मग बघत बसलो. बाई, एक गंमत सांगू? चव नव्हती हो. कडू, झणझणीत, आणि डोकं असं गरगरलं की हा खांब धरावा लागला. थुंकून टाकली. जे बरं वाटलं ते तोंडात टाकायच्या आधीच वाटून गेलं होतं."

"कधी?"

"त्यानं हात पुढे केला तेव्हा."

मॅडमची मी बाई झाले होते, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

पुढच्या भेटींत आम्ही तंबाखूबद्दल फारसं बोललोच नाही. स्टाफरूमबद्दल बोललो. मधल्या सुट्टीत चार शिक्षक एकाच्या हातावरची तंबाखू वाटून घ्यायचे, त्यातल्या दोघांशी त्यांचं एरवी पटायचं नाही, पण चिमूट कधी नाकारली नाही. बायको गेल्यावर लोक भेटायला यायचे. काय बोलावं हे कुणालाच कळायचं नाही. मग कुणीतरी डबी उघडायचं. मी विचारलं, "आणि इथे?"

"इथं सकाळी सगळे कामाला जातात. दार लागतं. मग मी आणि फ्रीज."

आतून मुलगी ऐकत होती. त्या आठवड्यापासून ती दोन दिवस घरून काम करायला लागली. दुपारी बापलेक खाली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जाऊन जेवायचे. तिचा राग गेला नव्हता. "प्रयोग म्हणे," ती मला जिन्यात म्हणाली. "माझ्या बापाच्या तोंडात काही निघालं तर काय करू मी त्या प्रयोगाचं?" त्यांना गुपचूप जाऊन खावंसं वाटलं, यात माझ्या पद्धतीचा वाटा किती, हे मला आजही ठरवता येत नाही.

सर सकाळी एकटेच व्हॉइड डेकमध्ये बसायला लागले. तिथे चिनी म्हातारे त्यांचं बुद्धिबळ खेळायचे. भाषा एकमेकांची येत नव्हती. आधी सर लांबून बघायचे, मग पटाशेजारी उभं राहून बघायला लागले, आणि एक दिवस त्यांनी मला मोठ्या उत्साहाने सांगितलं की पटाच्या मधोमध एक नदी असते आणि यातला हत्ती ती ओलांडत नाही. नियम त्यांनी निव्वळ बघून काढले होते. एकाने त्यांना खेळायला बसवलं, तेव्हा ते पटकन हरले आणि फार खूश झाले.

परत जायच्या आधी डॉक्टरांनी ओठ पुन्हा तपासला. चट्टा फिकट झाला होता, लहानही झाला होता, पण गेला नव्हता. घाबरण्यासारखं आत्ता काही नाही, मात्र दर काही महिन्यांनी दाखवत राहा, असं ते म्हणाले. मुलीने कोल्हापूरच्या डॉक्टरांची वेळ इथूनच ठरवली.

गावाला गेल्यावर कठीण जाईल हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तिथे टपरी घरासमोर. पहिल्या महिन्यात एका लग्नात त्यांनी खाल्ली, आणि दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, लपवलं नाही. त्यानंतर खाल्ली नाही असं ते म्हणतात, आणि मी विश्वास ठेवते. आता कुणी चिमूट पुढे केली तर काय करता, असं मी मध्यंतरी विचारलं.

"त्याचा हात धरतो आणि शेजारी बसतो," ते म्हणाले. "आधी लोकांना विचित्र वाटलं. आता ते विचारतात, सर, बसून काय करता? मी म्हणतो, अजून बघतोय."